यातले ‘लोक’ म्हणजे नक्की कोण? – वाचकांचे प्रश्न, माध्यमांच्या बाईंची उत्तरं

गेल्या अंकात म्हटलं होतं की माध्यमं, समाज, संस्कृती यावर काय वाट्टेल ते विचारा, तर तुम्ही खरंच काय वाट्टेल ते विचारलंत. दोघांनी तर व्हॉइस नोट पाठवल्यात, त्या ऐकून टाइप करून घेतल्या, पुढच्या वेळी प्लीज लिहूनच पाठवा. सगळी पत्रं वाचली आणि एक गंमत दिसली. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘लोक’ आहेत. लोक काहीही खरं मानतात, लोकांच्या डोक्यावर परिणाम झालाय, तरुण पिढी वाहवत चाललीय वगैरे. ‘मी वाहवत चाललोय, उपाय सांगा’ असं लिहिणारा एकही निघाला नाही! असो, याच्यावर पुढे येतेच.

प्रश्न: मॅडम, मला मीडिया स्टडीजला ॲडमिशन घ्यायचीय. बाबा म्हणतात टीव्ही बघायला डिग्री कशाला लागते, आणि मामा म्हणतो की एवढीच हौस असेल तर सरळ जर्नलिझम कर. दोन्हीत फरक काय आणि नेमकं शिकवतात काय?

बाबांना सांग की श्वास सगळेच घेतात, म्हणून फुफ्फुसांचा डॉक्टर बेकार होत नाही. मामांचा मुद्दा जरा जास्त बरोबर आहे. जर्नलिझममध्ये तू बातमी करायला शिकशील, म्हणजे फोन कोणाला करायचा, पहिल्या वाक्यात काय घ्यायचं, डेडलाइन कशी गाठायची. मीडिया स्टडीजमध्ये ती झालेली बातमी टेबलावर ठेवून विचारायचं की ही अशीच का झाली, पैसा कोणाचा, यात कोण बोललं आणि कोणाला बोलायलाच मिळालं नाही, आणि ज्यानं वाचली त्यानं घरी जाऊन तिचं केलं काय. हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानं 1948 साली हे एका ओळीत बसवलं होतं: कोण, काय बोलतंय, कुठल्या माध्यमातून, कोणाशी आणि परिणाम काय. परीक्षेत अजून विचारतात, पाठ करून टाक. पण ती ओळ अर्धवट आहे हेही लिही, कारण तिच्यात ऐकणारा माणूस नुसता गप्प बसलेला आहे, जणू काही त्याला तोंडच नाही. पुढची सगळी वर्षं या विषयानं त्या माणसाला तोंड मिळवून देण्यातच घालवलीत असं म्हटलं तरी चालेल.

नोकरीची हमी कोणी देत असेल तर त्या ब्रोशरपासून लांब राहा. आणि अजून एक, सिनेमावर गप्पा मारायला मिळतील म्हणून मुलं येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला कळतं की तीनशे बातम्या एक्सेलमध्ये भरायच्यात, मग चेहरे बघण्यासारखे होतात. तुला ते जमणार असेल, म्हणजे कंटाळा सहन होत असेल, तर ये.

प्रश्न: निःपक्ष बातमी असते का? हो किंवा नाही एवढंच सांगा.

एवढंच सांगता येत नाही हो. पण एक खेळ करून बघा. जी बातमी हाताला लागेल ती घ्या आणि ‘करण्यात आला’, ‘करण्यात आली’, ‘झाला’ या सगळ्या शब्दांखाली लाल रेघ मारा. ‘जमावावर लाठीमार करण्यात आला.’ कोणी केला? वाक्यात कर्ताच नाही, लाठी आपली आपण उठली आणि लागली. आता तेच ‘पोलिसांनी जमावावर लाठीमार केला’ असं वाचा, आणि मग ‘दगडफेकीनंतर पोलिसांचा लाठीमार’ असं वाचा. एकही शब्द खोटा नाही, तिन्ही खरे, पण तुमचा राग तीन वेगळ्या दिशांना गेला की नाही? ‘ध’चा ‘मा’ करायची गरजच पडत नाही, व्याकरण पुरतं.

मात्र लगेच कटाचा वास घेऊ नका. रात्री उशिरा बातमी छपाईला सोडणाऱ्या माणसाला बऱ्याचदा जागा कमी असते, माहिती कन्फर्म नसते, आणि ‘करण्यात आला’ ही बोटांना लागलेली सवय असते. अभ्यास करायचा तो त्या सवयीचा. एका बातमीवरून काही सिद्ध होत नाही, पण सहा महिन्यांच्या बातम्यांत एका प्रकारच्या माणसांच्या बाबतीत कर्ता नेहमी हजर आणि दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमी गायब असेल तर मात्र बोलायला जागा आहे.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, दिवसभर मारामारीचे गेम आणि व्हिडिओ. मीडियामुळे मुलं हिंसक होतात हे आता सायन्सनं सिद्ध केलंय ना? मग बंदी का घालत नाहीत? लोकांना कळत कसं नाही?

तुमची काळजी खोटी नाही, आधी ते सांगते. पण ‘सिद्ध केलंय’ हा शब्द जरा बाजूला ठेवू.

तुम्ही ज्या सायन्सबद्दल बोलताय त्याची सुरुवात बहुतेक वेळा एका बाहुलीपासून होते. 1961 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 72 लहान मुलं घेतली, त्यातल्या काहींसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुलीला बदडलं, आणि नंतर मुलांना त्याच बाहुलीजवळ सोडलं तर ज्यांनी मारामारी पाहिली होती त्यांनी जास्त बदडलं. 1963 मध्ये हेच फिल्म दाखवूनही केलं. प्रयोग महत्त्वाचा आहे, मुलं बघून शिकतात हे त्यात दिसतं. पण ती बाहुली कशी होती माहितीये का, बुडाला वजन असलेली, ठोसा मारला की पडून परत उभी राहणारी, म्हणजे तिला मारायचंच असतं! बाहुलीला मारणं आणि शेजारच्या मुलाला मारणं यात जे अंतर आहे त्यावर अजून भांडणं चालू आहेत. गेमवरच्या अभ्यासांत तर आणखी एक गुंता असतो, गेममुळे मुलगा चिडका झाला की मुळात चिडलेला मुलगा गेममध्ये जाऊन बसतो? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, नाहीतर छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला असं म्हणावं लागेल.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य, ‘लोकांना कळत कसं नाही’. याला आमच्याकडे नाव आहे, थर्ड पर्सन इफेक्ट, म्हणजे माध्यमांचा परिणाम माझ्यावर नाही, दुसऱ्यांवरच जास्त होतो असं वाटणं. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकन संशोधकानं 1983 साली यावर लिहिलं आणि सुरुवातीला दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा दिला. जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेची एक तुकडी होती, सैनिक कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे. जपान्यांनी वरून पत्रकं टाकली, की हे युद्ध गोऱ्यांचं आहे, तुम्ही कशाला जीव देता, संधी मिळाली की शरण या किंवा पळून जा. दुसऱ्या दिवशी ती तुकडी मागे घेण्यात आली (बघा, मी पण ‘घेण्यात आली’ लिहिलं). आता मजा अशी की त्या सैनिकांवर पत्रकाचा काही परिणाम झाल्याचा पुरावाच सापडला नाही. परिणाम झाला तो अधिकाऱ्यांवर, कारण त्यांना वाटलं की आपल्या सैनिकांवर परिणाम होईल. मी ज्या ज्या वेळी ‘बंदी घाला’ असं पत्र वाचते त्या त्या वेळी मला ते अधिकारी आठवतात, रागावू नका.

साप साप म्हणून भुई धोपटायची ही खोड आत्ताची नाही. 30 ऑक्टोबर 1938 ला अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरून हल्ला झाल्याचं नाटक बातमीपत्राच्या ढंगात केलं, आणि अख्खा देश घाबरून रस्त्यावर आला असं आपण ऐकत आलोय. मीही पहिली काही वर्षं वर्गात हेच तिखटमीठ लावून सांगायचे. नंतर खोलात गेलं की कळतं, त्या रात्रीच्या रेटिंगच्या फोन सर्व्हेत पाच हजार घरांपैकी जेमतेम 2 टक्के घरांत ते नाटक चालू होतं. काही माणसं घाबरली हे खरंच, पण अख्खा देश घाबरल्याच्या मोठमोठ्या हेडलाइन छापल्या त्या वर्तमानपत्रांनी, ज्यांच्या जाहिराती हा नवा रेडिओ पळवत होता. म्हणजे माध्यमांच्या ताकदीची सगळ्यात गाजलेली गोष्टसुद्धा एका माध्यमानं दुसऱ्याबद्दल सांगितलेली आहे.

मग परिणाम होतच नाही का? होतो, फक्त तो ठोशासारखा नसतो, ओल यावी तसा असतो. जॉर्ज गर्बनर हे अमेरिकन माध्यम-संशोधक आणि त्यांची टीम 1960 च्या दशकाच्या शेवटापासून वर्षानुवर्षं टीव्हीवरची हिंसा मोजत बसली होती आणि त्यांचा मुद्दा मला जास्त पटतो. खूप टीव्ही बघणारी माणसं मारामाऱ्या करत सुटतात असं ते म्हणतच नव्हते, त्यांना दिसलं की अशी माणसं जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक समजतात, घाबरतात, अनोळखी माणसावर विश्वास ठेवत नाहीत. तर मुलाच्या हातातला फोन काढून घेण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा की यात तुला काय आवडतं, हरलास की काय वाटतं, बरोबर कोण खेळतं. झोप उडतेय का, शाळा बुडतेय का, मित्र तुटलेत का ते बघा. त्याची काळजी करायला कुठल्याही प्रयोगाची परवानगी लागत नाही. आणि जमलं तर आठवडाभर तुमचा स्वतःचा स्क्रीन टाइमही एका कागदावर लिहा, मला पाठवू नका, नुसता लिहा.

प्रश्न: सासूबाई, मी आणि माझी मुलगी रोज एकच मालिका एकाच सोफ्यावर बसून बघतो आणि नंतर वाद घालतो, जणू काही तिघींनी तीन वेगळ्या मालिका बघितल्यात. असं का?

कारण तुम्ही खरोखरच तीन वेगळ्या मालिका बघितल्यात! बाई, तुमच्या सोफ्यावर अख्खं एक सेमिस्टर बसलंय.

बर्मिंगहॅम विद्यापीठात 1964 साली संस्कृतीच्या अभ्यासाचं एक केंद्र सुरू झालं, तिथले स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये मांडलं की बनवणारा आपल्या परीनं अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो आपल्या परीनं उलगडतो. कोणी दिलेला अर्थ जसाच्या तसा घेतो, कोणी ‘हे एवढं ठीक पण आमच्याकडे असं नसतं’ म्हणून घासाघीस करतो, आणि कोणी पार उलटा वाचतो. त्यागमूर्ती नायिका बघून सासूबाई हळव्या होतात, तुम्ही म्हणता त्याग ठीक आहे पण नोकरी कशाला सोडली, आणि मुलगी म्हणते ही बाई मूर्ख आहे. झालं, तिन्ही प्रकार एका घरात.

यातला माझा सगळ्यात आवडता पुरावा सांगते. ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका जगभर बघितली जायची तेव्हा तमार लीब्स आणि एलिहू कॅट्झ या संशोधकांनी वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना घरी गटानं बसवून एपिसोड दाखवला आणि नंतर म्हणाले, आता गोष्ट सांगा. त्या भागात नायिका नवऱ्याला सोडून बाळासकट आपल्या जुन्या प्रियकराच्या आणि त्याच्या वडिलांच्या घरी राहायला जाते. तर एका अरब गटानं गोष्ट सांगताना एकमेकांना दुजोरा देत ठामपणे सांगितलं की ती तिच्या स्वतःच्या वडिलांच्या घरी गेली. खोटं कोणीच बोलत नव्हतं, त्यांनी नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं! पण नवऱ्याचं घर सोडलेली बाई बाळाला घेऊन दुसरं कुठे जाणार, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की पडद्याला माघार घ्यावी लागली. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात, मग मी त्यांना आदल्या रात्रीच्या सिनेमाची गोष्ट लिहायला लावते आणि चार वह्या शेजारी ठेवते. हसणं थांबतं.

पण याचा अर्थ प्रेक्षक राजा आहे असा काढू नका, काही लोक काढतात. तुम्ही तिघी तीन अर्थ लावाल, पण मालिका कुठली बनणार, नायिकेला नोकरी सोडायला लावायची की नाही, हे ठरवणाऱ्या मीटिंगला तुमच्यापैकी कोणीच नसतं.

प्रश्न: एमएच्या प्रोजेक्टसाठी ‘बातम्यांमधलं स्त्रियांचं चित्रण’ हा विषय घेतलाय. गाईड सारखे विचारतात मेथड काय, मेथड काय. चित्रण वाईट आहे हे तर उघडच दिसतंय, मग मेथड कशाला?

कारण उघड दिसणाऱ्या गोष्टीच सगळ्यात जास्त फसवतात, आणि तुझा निष्कर्ष अभ्यासाच्या आधी तयार आहे हे गाईडला दिसतंय. विषयही अवाढव्य आहे, कापून काढ. एक वर्तमानपत्र, एक महिना, फक्त पहिलं पान. बास.

मग प्रत्येक बातमीसाठी एक ओळ आणि ठरलेले प्रश्न. बातमीत किती माणसं आहेत, त्यात बायका किती, कोणत्या नात्यानं आल्यात (अधिकारी, तज्ज्ञ, साक्षीदार, पीडित, कोणाची तरी बायको), त्यांचं बोलणं अवतरणात दिलंय का, फोटो आहे का. सोपं वाटतं ना? आता पहिल्याच दिवशी काय होईल ते सांगते. बातमी आहे, ‘अपघातात शिक्षिकेचा मृत्यू, पतीनं सांगितलं की…’. ही बाई बातमीत ‘आहे’ का? आहे, पण बोलत नाही. तिला शिक्षिका म्हणून मोजायचं, पीडित म्हणून की पत्नी म्हणून? तू एक ठरवशील, तुझी मैत्रीण दुसरं ठरवेल, आणि तिथेच मेथड सुरू होते. म्हणून आधी नियमांची वही कर, त्यात ‘पहिला उल्लेख ज्या ओळखीनं आला ती धरायची’ असे नियम उदाहरणासकट लिही, मग तू आणि मैत्रीण दोघींनी एकमेकींना न दाखवता त्याच पन्नास बातम्या भरा आणि ताडून बघा. नुसती टक्केवारी काढू नका, योगायोगानंही काही उत्तरं जुळतात, तो भाग वजा करणारं कोहेनचं कप्पा नावाचं माप आहे, ते वापरा. आकडा कमी आला तर दोष बातम्यांचा नाही, तुमच्या नियमांचा. माझ्या एका बॅचनं नियमांची वही चार वेळा फाडून लिहिली होती आणि चौथ्या वेळी एक जण म्हणाला, मॅडम आता मला बातमी नीट वाचताच येत नाही, नुसते रकाने दिसतात. म्हटलं शाबास.

हे वेड फक्त आपलंच नाही. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट 1995 पासून दर पाच वर्षांनी एकच दिवस ठरवतो आणि त्या दिवशी देशोदेशीचे स्वयंसेवक बातम्यांतली माणसं मोजतात. 1995 मध्ये बातम्यांत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा उल्लेख झालेल्या माणसांत बायका होत्या 17 टक्के, 2020 मध्ये 25 टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांचा फरक. ‘चित्रण वाईट आहे’ या तुझ्या वाक्यापेक्षा हे दोन आकडे जास्त जोरात बोलतात की नाही सांग.

प्रश्न: आता प्रत्येकाचं फीड वेगळं. संपादक गेले, अल्गोरिदम आला. मग ही 1940-50 ची जुनी थिअरी रद्दीत घालायची का?

थोडी घाला. पण एक कागद वाचवा. 1949 मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट या संशोधकानं एका छोट्या अमेरिकन वर्तमानपत्रात तारेनं येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाला विनंती केली, की आठवडाभर तुम्ही ज्या बातम्या टाकून द्याल त्या जपून ठेवा आणि प्रत्येकीवर टाकण्याचं कारण लिहा. आलेल्या मजकुरापैकी त्यानं साधारण दहावा हिस्सा वापरला. आणि कारणं काय होती, तर जागा नाही, हा प्रचार आहे, हा माणूस फारच लाल (म्हणजे कम्युनिस्ट) आहे, मला आत्महत्येच्या बातम्या आवडत नाहीत! अख्ख्या गावाला कुठलं जग दिसणार हे एका माणसाच्या आवडीनिवडीवर. 1950 मध्ये हा अभ्यास छापून आला आणि ‘गेटकीपर’ म्हणजे दारावरचा राखणदार हा शब्द आमच्या विषयात कायमचा बसला.

तर तुमच्या प्रश्नात मला खटकतं ते ‘संपादक गेले’. गेट तिथंच आहे, फक्त राखणदार आता टाकून दिलेल्या बातमीवर कारण लिहीत नाही. टाकलेल्यांची टोपलीच दाखवत नाही. ट्विटरनं 2023 मध्ये संशोधकांना फुकट मिळणारा डेटा बंद केला, फेसबुकवाल्या मेटानं 2024 मध्ये कुठली पोस्ट किती पसरली ते दाखवणारं क्राउडटँगल नावाचं टूल बंद केलं ज्यावर कितीतरी अभ्यास उभे होते. युरोपियन युनियनच्या 2022 च्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात मोठ्या प्लॅटफॉर्मनी तपासून घेतलेल्या संशोधकांना डेटा द्यावा अशी तरतूद आहे, ती कागदावरून हातात किती येते ते बघायचं. दुसरी वाट म्हणजे लोकांकडूनच त्यांचा डेटा मागणं, म्हणजे माणूस आपली हिस्टरी डाउनलोड करतो आणि संशोधकाला देतो. यात अडचण एवढीच की डेटा द्यायला तयार होणारी माणसं आणि न देणारी माणसं सारखी नसतात.

आणि एक जुनी गोष्ट अजून जशीच्या तशी चालते. 1940 च्या अमेरिकन निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत 600 माणसांना दर महिन्याला गाठून विचारलं. रेडिओ, वर्तमानपत्रं मतं फिरवत असतील असं धरून गेले होते, सापडलं भलतंच, प्रचारानं पक्ष बदलणारे फार थोडे आणि बऱ्याच जणांनी ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा दाखला दिला. आज फॅमिली ग्रुपवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का असलेल्या मेसेजवर तुम्ही विश्वास का ठेवता ते बघा. मेसेज कोणी लिहिला ते तुम्हाला माहीतही नसतं, पाठवला काकांनी म्हणून ठेवता.

प्रश्न: हा विषय शिकायला लागल्यापासून एकही सिनेमा धड बघता येत नाही. कॅमेरा कुठे आहे, हे शॉट का घेतले, असलंच डोक्यात. हे जातं का हो?

वर्षभरात कमी होतं. मी परवा रात्री एक सिनेमा बघताना ढसाढसा रडले, व्हायोलिन कुठल्या मिनिटाला सुरू झालं ते तेवढं वहीत लिहून ठेवलंय.